चर्चच्या वह्या आणि जुनी मृत्युपत्रं: वसई, मुंबई, गोव्यातल्या घराण्याचा माग कसा काढावा

वसईच्या, मुंबईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरात पूर्वजांची नावं विचारली, तर तोंडी सांगणं तीन-चार पिढ्यांपर्यंत पोचतं आणि तिथे थांबतं. कागद मात्र त्याहून बरेच मागे जातात. इटलीतल्या ट्रेंट शहरी भरलेल्या कॅथलिक धर्मसभेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात (एका चर्चच्या हद्दीत, म्हणजे पॅरिशमध्ये) लग्नांची आणि स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) नोंदवही ठेवणं बंधनकारक केलं. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूच्या वहीचाही नमुना घालून दिला. पोर्तुगिजांबरोबर ही शिस्त आपल्या किनाऱ्यावर आली आणि त्यांचं राज्य गेलं तरी ती टिकली.

हिंदू घराण्यांना नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा मोठा आधार असतो, पण तिथे जो यात्रेला गेला त्याच्या घराची नोंद होते. चर्चच्या वहीत जमीनदाराच्या मुलाइतकीच कोळ्याच्या, ताडी काढणाऱ्याच्या, मोलकरणीच्या मुलाची नोंद होते. दोन दिवस जगलेल्या बाळाचीही होते. त्यामुळे आमच्यासारख्या सामान्यांचं काय सापडणार, असं म्हणून मागे फिरू नका.

आधी घर, मग चर्च

सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा. फक्त नावं विचारू नका. गाव, आळी किंवा वाडा, घराला लोक काय म्हणत, कुठल्या चर्चचा सण घरात साजरा होई, लग्नात नवरीकडचे कुठून आले होते, लहानपणी कोणाच्या मयताला नेलं होतं, हे विचारा. कोणाचा धर्मपिता आणि धर्ममाता (गोव्याकडे पाद्रिन-माद्रिन) कोण, हे तर आवर्जून विचारा, कारण पुढे वहीत तीच नावं ओळख पटवतात. मग कागद गोळा करा: प्रार्थनेच्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, मयताच्या मिस्सेची (चर्चमधल्या प्रार्थनाविधीची) छापील कार्डं, शाळा सोडल्याचा दाखला, जुना पासपोर्ट, दफनभूमीतल्या दगडावरची अक्षरं.

गावाचा एवढा आग्रह धरण्याचं कारण आडनाव आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात बाप्तिस्मा घेताना लोकांना धर्मगुरूचं किंवा धर्मपित्याचं पोर्तुगीज आडनाव मिळत असे. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं वेगळी असू शकतात, आणि एकाच गावातल्या दहा डिसोझा घराण्यांचं एकमेकांशी रक्ताचं नातं नसू शकतं. पोर्तुगालमधल्या डिसोझांशी तर नाहीच नाही. आडनावावरून वंशवृक्ष विकणाऱ्या संकेतस्थळांवर पैसे घालवू नका. आडनाव, गाव, आळी आणि धर्मपालक अशी चौकट बसली तरच माणूस तोच समजायचा.

कुठलं चर्च, कुठल्या काळात

इथे नवखे लोक सगळ्यांत जास्त अडखळतात. आजचं चर्च आणि दीडशे वर्षांपूर्वीचं चर्च एकच असेल असं नाही. मोठ्या धर्मग्रामातून नवे धर्मग्राम फुटले. नवं चर्च सुरू व्हायच्या आधीच्या नोंदी मूळच्या चर्चमध्येच राहिल्या. म्हणून गावातल्या चर्चच्या स्थापनेचं वर्ष काढा आणि त्याआधी ते गाव कुठल्या चर्चला जोडलेलं होतं हे विचारा.

त्यावर राज्यबदल आहेत. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे आली. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी (मुंबईच्या उत्तरेचं बेट, गोव्यातली साष्टी नव्हे) घेतली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई. साष्टी १७७४ मध्ये इंग्रजांच्या हातात गेली. मुंबई मात्र १६६५ पासूनच इंग्रजांकडे होती आणि १६६८ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे. युद्धात चर्चं पडली आणि वह्याही गेल्या, तेव्हा वसई-साष्टीत १७३९ च्या आधीच्या वहीची आशा धरून जाऊ नका. सापडलीच तर भाग्य समजा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते आणि तिच्यामुळे शोध वर्षानुवर्षं अडकतो. मुंबईत १७९४ पासून १९२८ पर्यंत कॅथलिकांवर दोन वेगवेगळे अधिकार होते. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालचा तो पाद्रोआदो, आणि थेट रोमच्या अखत्यारीतला तो प्रोपगांदा. एकाच वस्तीत दोन्ही बाजूंची चर्चं असत, आणि भांडणापायी एखादं कुटुंब या चर्चमधून त्या चर्चमध्ये जाई. चार भावंडांपैकी तिघांचे बाप्तिस्मे एका वहीत मिळाले आणि चौथ्याचा मिळाला नाही, तर ते मूल गेलं असं ठरवण्याआधी शेजारच्या दुसऱ्या चर्चची वही बघा. पाद्रोआदोची चर्चं आधी गोव्याच्या महाधर्मप्रांताखाली होती. १८८६ मध्ये दमणचा धर्मप्रांत झाला आणि वसई-साष्टीचा मुलूख त्याच्याकडे गेला. १९२८ मध्ये ते सगळं मुंबईला जोडलं गेलं. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ चा. चर्चच्या पत्रव्यवहाराचे आणि लग्नाच्या परवानग्यांचे कागद कधी कधी याच क्रमाने विखुरलेले असतात.

गोव्यात वाट थोडी सरळ आहे. १९१४ पासून सरकारी नागरी नोंदणी आहे आणि तिच्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे येतात. त्याआधीचा आधार म्हणजे चर्चच्या वह्या. जुन्या वह्यांपैकी बऱ्याच पणजीच्या राज्य अभिलेखागारात आहेत. हे अभिलेखागार १५९५ मध्ये दियोगो दो कोउतोच्या देखरेखीखाली सुरू झालं. बाकीच्या वह्या त्या त्या चर्चमध्ये. जाण्याआधी फॅमिलीसर्चच्या संकेतस्थळावर विनामूल्य खातं उघडा आणि सूचीत माणसाच्या नावाने न शोधता गावाच्या नावाने शोधा. छायाचित्रित वह्या असतील तर त्या अशाच सापडतात. नावांची अनुक्रमणिका बहुतेक वह्यांना झालेली नसते.

वही बघायची परवानगी

प्रमुख धर्मगुरूंना आधी पत्र किंवा ईमेल पाठवा. कोणाची नोंद हवी, आईवडिलांची नावं, अंदाजे साल (पाच वर्षांच्या टप्प्यात), तुमचं त्यांच्याशी नातं आणि तुमचा फोन, इतकं एका पानात मावलं पाहिजे. रविवारी, सणाच्या नोव्हेनात (सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांत) किंवा पवित्र आठवड्यात जाऊ नका. वही दाखवणं हा त्यांचा सौजन्याचा भाग आहे. कार्यालयात बसणाऱ्या माणसाचा वेळ जातो, म्हणून चर्चला देणगी द्या.

दाखला मागण्यापेक्षा मूळ नोंद बघू देण्याची विनंती करा. छापील दाखल्यात नाव, तारीख, आईवडील एवढंच उतरवतात. मूळ ओळीत आजोबांचं गाव असू शकतं, आणि समासात नंतर लिहिलेला मजकूरही. १९०८ नंतर तर माणसाचं लग्न कुठे, कधी, कोणाशी झालं ते त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात लिहिण्याचा नियमच झाला. कामासाठी मुंबई, कराची किंवा पूर्व आफ्रिकेत गेलेल्या गोवेकराचा पुढचा पत्ता अनेकदा गावच्या वहीच्या समासातच सापडतो.

हात धुऊन, कोरडे करून बसा. शाई नको, पेन्सिल न्या. फोटोला परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद ठेवा, आणि पहिला फोटो वहीच्या कव्हरचा, दुसरा पूर्ण पानाचा, मग नोंदीचा घ्या. नुसत्या नोंदीचा फोटो घरी आल्यावर कुठल्या वहीतला ते कळत नाही. पान फाटायला आलं असेल तर उलटू नका, कार्यालयातल्या माणसाला सांगा.

नोंद वाचताना

पाद्रोआदोच्या चर्चमध्ये सहसा पोर्तुगीज, प्रोपगांदाच्या चर्चमध्ये सहसा लॅटिन, पुढे दोन्हीकडे इंग्रजी. भाषा येत नाही म्हणून घाबरू नका, कारण नोंदीचा साचा ठरलेला असतो आणि वीस-पंचवीस शब्द आले की नव्वद टक्के नोंद उलगडते. पोर्तुगीजमध्ये ‘फिल्यो’ म्हणजे मुलगा, ‘फिल्या’ मुलगी, ‘मोरादोर’ राहणारा, ‘व्हियुवा’ विधवा, ‘सोल्तेयरो’ अविवाहित, ‘ओबितो’ मृत्यू, ‘आव्होश पातेर्नोश’ वडिलांकडचे आजीआजोबा. जिथे धर्मगुरूने आजीआजोबांची नावं लिहिली आहेत तिथे एका ओळीत तीन पिढ्या मिळतात. ‘नातुराल दे’ म्हणजे अमुक गावचा. पण ‘फिल्यो नातुराल’ म्हणजे आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. या दोन्हींची गल्लत करून गावाच्या नावाऐवजी कलंक, किंवा कलंकाऐवजी गाव वाचणारे पुष्कळ आहेत.

महिन्यांची नावं आखूड लिहिलेली असतात. ७ चा आकडा आणि पुढे ‘ब्रो’ म्हणजे सप्टेंबर, जुलै नव्हे. तसेच ८ ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर, १० डिसेंबर. रोमन पंचांगातल्या जुन्या मोजणीवरून ही पद्धत आली. नावंही आखूड होतात, आणि घरातलं नाव वहीत मिळत नाही. घरी दुमिंग म्हणत असतील तर वहीत दोमिंगोस किंवा दोमिनिकुस. इनास म्हणजे इनासियो किंवा इग्नातियुस. मिंगेल म्हणजे मिगेल, इंग्रजी वहीत मायकल. जुझे म्हणजे जोझे, लॅटिनमध्ये योसेफुस. बायकांच्या नावापुढे आडनाव असेलच असं नाही. दोन संतांची नावं जोडलेली असतील तर तीच तिची पूर्ण ओळख.

अक्षर लागत नसेल तर ओळखीच्या शब्दांपासून सुरू करा. महिना, चर्चचं नाव, धर्मगुरूची सही ही प्रत्येक नोंदीत येतात. त्यांतली अक्षरं कागदावर उतरवून त्या धर्मगुरूच्या हस्ताक्षराची स्वतःची बाराखडी बनवा. धर्मगुरू बदलला की बाराखडी नवी. नेहमी अलीकडच्या वहीतून मागच्या वहीत जा. १८९० चं अक्षर वाचता आलं की १८५० चं जमतं. थेट १७५० ला हात घालणारे कंटाळून सोडून देतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. मूल काही दिवसांचं असताना बाप्तिस्मा होई. जन्माचा दिवस वेगळा लिहिला असेल तर तो वेगळा टिपा. मूल आजारी असेल तर घरीच सुईणीने पाणी घालून बाप्तिस्मा दिलेला असतो आणि तसं लिहिलेलं असतं.

लग्नाच्या वहीत मला सगळ्यांत मोलाची वाटते ती नात्यातल्या लग्नाला दिलेली सूट. १९८३ पर्यंत चर्च नात्याच्या पायऱ्या समान पूर्वजापासून मोजत असे. ‘दुसऱ्या पायरीत सूट’ म्हणजे नवरा-नवरीचे आजीआजोबा एक, ‘तिसऱ्या पायरीत’ म्हणजे पणजोबा-पणजी एक, ‘चौथ्या पायरीत’ म्हणजे त्यांच्याही आधीची पिढी एक. अशी एक ओळ मिळाली की ज्या पिढ्यांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या त्यांच्यातलंही नातं हाती येतं. रक्ताच्या नात्याऐवजी सोयरिकीतली सूट लिहिली असेल, तर विधुराने बायकोच्या बहिणीशी लग्न केलं अशी शक्यता तपासा.

मृत्यूच्या वहीत वय बहुधा गोळाबेरीज असतं: चाळीस, पन्नास, साठ. त्यावरून जन्मसाल काढताना दोन्हीकडे दहा वर्षं जागा ठेवा. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला; त्यानंतरच्या काही वर्षांच्या वह्यांत एकाच घरातल्या नोंदी एकापाठोपाठ दिसतात आणि पुढे विधुर-विधवांची लग्नं वाढलेली दिसतात. म्हणजे सावत्र भावंडं. १९१८ च्या तापाच्या साथीनंतरही हेच. या काळातल्या मुलांची आई कोण हे प्रत्येक मुलासाठी वेगळं तपासा.

मृत्यूच्या नोंदीतून मृत्युपत्राकडे

जुन्या पोर्तुगीज मृत्युनोंदीत अखेरचे संस्कार मिळाले की नाही याच्या पुढे कधी कधी लिहिलेलं असतं: ‘फेझ तेश्तामेंतु’, मृत्युपत्र केलं, किंवा ‘नांव फेझ’, केलं नाही. आत्म्यासाठी किती मिस्सा सांगून ठेवल्या तेही असतं. हे दोन शब्द मिळाले की पुढचा कागद शोधायला लागा. वही माणसाच्या आयुष्यातल्या तारखा देते. मृत्युपत्रात त्याची माणसं भेटतात. लग्न झालेल्या मुली नवऱ्याच्या नावासकट, वारलेल्या मुलाची मुलं, म्हातारी बहीण, पाळलेली पोर, घरची मोलकरीण, कर्ज देणारा शेजारी.

गोव्यात मृत्युपत्र नोटरीच्या वहीत लिहिलं जाई, किंवा सीलबंद करून नोटरीकडून मंजूर करून घेत. जुने नोटरी-ग्रंथ अभिलेखागारात किंवा तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात विचारा. पण गोव्यात मृत्युपत्रावर थांबू नका. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची, गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्यात मुलांचा ठरावीक हिस्सा राखीव असतो. मृत्युपत्राने उरलेलाच भाग देता येतो. आज हा राखीव हिस्सा निम्मा आहे. म्हणून मृत्युपत्रात एखाद्या मुलाचं नाव नसलं तरी त्याला बेदखल केलं असा अर्थ काढायचा नाही. सगळे वारस एकत्र सापडतात ते ‘इन्व्हेंतारियो’त, म्हणजे मृत्यूनंतर न्यायालयात झालेल्या मालमत्तेच्या यादी-वाटणीच्या प्रकरणात. प्रत्येक वारसाचं नाव, नातं, लग्न झालं असेल तर जोडीदार, आणि वारस वारला असेल तर त्याची मुलं. गोव्यातल्या हिंदू घराण्यांच्याही अशा फाइली आहेत, आणि ज्यांच्या मागे चर्चची वही नाही त्यांच्यासाठी हाच सगळ्यांत भक्कम कागद ठरतो. तुमचं घराणं गावकऱ्यांपैकी (गावाच्या मूळ हक्कदारांपैकी) असेल तर कोमुनिदादच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कार्यालयात वांगड (घराण्याचा गट) आणि झोणाच्या (उत्पन्नातल्या वाट्याच्या) नोंदीही विचारा. तिथे बापाकडून मुलाकडे हक्क गेल्याचा क्रम असतो.

मुंबई बेटावरची मृत्युपत्रं न्यायालयांच्या क्रमाने शोधायची: १७२६ च्या सनदेने आलेलं मेयर्स कोर्ट, १७९८ चं रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ चं सुप्रीम कोर्ट आणि १८६२ पासून उच्च न्यायालय. उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्रविषयक विभागात प्रोबेटचं (न्यायालयाने मृत्युपत्र खरं ठरवून दिलेल्या दाखल्याचं) साल आणि नाव घेऊन अर्ज करा. प्रोबेट मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीही झालेलं असतं, तेव्हा मृत्यूच्या सालापासून पुढची दहा वर्षं तरी धुंडाळा. नुसत्या मृत्युपत्राची नक्कल न घेता अर्जही बघा, कारण वारसांची वयं आणि पत्ते अर्जात असतात.

वसई, ठाणे, अलिबागकडे नोंदणीकृत मृत्युपत्रं दुय्यम निबंधकाच्या ‘पुस्तक क्रमांक ३’ मध्ये असतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे मृत्युपत्र करणारा वारल्यावर कोणालाही अर्ज करून त्याची नक्कल मिळते. मृत्यूचा दाखला जोडा. मृत्युपत्र नसेल तर तलाठ्याकडच्या किंवा तहसील कार्यालयातल्या जुन्या फेरफार नोंदी काढा. वारसनोंदीचा फेरफार हा गरीब घराचं मृत्युपत्रच आहे: कोण कधी वारला आणि मागे कोण कोण राहिलं, ते तिथे लिहिलेलं असतं.

कंपनीच्या किंवा ब्रिटिश सरकारच्या नोकरीतल्या, युरोपीय किंवा अँग्लो-इंडियन पूर्वजांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतला इंडिया ऑफिसचा संग्रह बघा. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं १७०९ ते १९४८ पर्यंत ‘एन/३’ या मालिकेत आहेत आणि मृत्युपत्रं ‘एल/एजी/३४/२९’ मध्ये. त्यांतलं बरंच फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून बघता येतं. फिबिस या संस्थेची शोधसूची विनामूल्य आहे, म्हणून सुरुवात तिथून करा.

मृत्युपत्र वाचताना

लिहिल्याची तारीख, मृत्यूची तारीख आणि प्रोबेटची तारीख या तिन्ही वेगळ्या टिपा. या मधल्या काळात नातवंडं जन्मतात, मुलं मरतात, आणि मृत्युपत्राला पुरवणी जोडली जाते.

जुन्या इंग्रजी मृत्युपत्रात ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावई असेल किंवा सावत्र मुलगाही. ‘कझिन’ पुतण्यालाही म्हणत. अशा नात्यांची खात्री लग्नाच्या वहीतून करून घ्या. १७५२ पर्यंत इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि अठराव्या शतकात त्यांचं पंचांग ११ दिवस मागे होतं. पोर्तुगीज धर्मगुरू मात्र सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनच नव्या पंचांगावर होते. म्हणून मुंबईच्या कागदावरचा १० फेब्रुवारी १७४० हा आपल्या हिशेबाने १७४१ चा. खाडीपलीकडच्या चर्चच्या तारखेशी तो ताडताना गोंधळू नका, आणि टिपणात मूळ तारीख आहे तशी लिहून दुरुस्त तारीख शेजारी ठेवा.

साक्षीदार आणि व्यवस्थापक कोण होते हेही उतरवून घ्या. ते बहुतेक मेहुणे, चुलते, धर्मपालक असतात. एखाद्या मुलीचं माहेर कळत नसेल तर तिच्या मुलांचे धर्मपालक आणि तिच्या सासऱ्याच्या मृत्युपत्राचे साक्षीदार शेजारी मांडून बघा. दोन्हीकडे येणारं नाव बहुधा तिच्या माहेरचं निघतं. बहुधा, एवढंच. बाप्तिस्म्याची नोंद मिळेपर्यंत वंशावळीत ते पेन्सिलीनेच राहू द्या.

जुळवणी

प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवा आणि प्रत्येक विधानापुढे कागद लिहा: चर्च, वहीचा प्रकार, खंड, पान (पुढची बाजू की मागची), नोंदीचा क्रमांक. घरातल्या माणसाने सांगितलं असेल तर कोणी आणि कधी तेही. मजकूर जसा आहे तसाच उतरवा, चुकीच्या स्पेलिंगसकट. अर्थ खाली वेगळा लिहा.

एकाच नावाची दोन माणसं एकाच धर्मग्रामात असणं नेहमीचं आहे, कारण अनेक घरांत पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवत आणि मग चुलतभावांची नावं सारखी होत. म्हणून आपल्या माणसाची नोंद मिळाली की थांबायचं नाही. त्या दाम्पत्याची सगळी मुलं, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, काढा. लहानपणी वारलेली मुलंही, कारण वारलेल्या मुलाचं नाव पुढच्याला पुन्हा दिलेलं असतं आणि तुमचा पणजोबा त्यांतला दुसरा असू शकतो. हे काम वेळखाऊ आहे, पण चुकीचा पूर्वज गळ्यात पडण्यापासून हेच वाचवतं.

अडलात तर गाव न सोडता कागद बदला. बाप्तिस्मा नाही मिळाला तर भावंडांचं लग्न बघा, लग्न नाही तर धर्मबंधुसंघांच्या म्हणजे कॉन्फ्रारियाच्या सभासदांच्या वह्या, शाळेचं जनरल रजिस्टर, दफनभूमीची नोंद. गोव्याहून मुंबईला नोकरीसाठी आलेला माणूस धोबी तलाव, माझगावच्या बाजूच्या गावोगावच्या कुडांत (एकेका गावच्या लोकांनी चालवलेल्या सामाईक वसतिगृहांत) राहत असे; तुमच्या गावचा कूड अजून चालू असेल तर तिथल्या सभासदांच्या जुन्या वह्या विचारा.

जिवंत माणसांच्या जन्मतारखा आणि अनौरस जन्मांच्या नोंदी इंटरनेटवर टाकू नका. आधी घरातल्यांना दाखवा. आणि वाचून झालेल्या नोंदींची टंकलिखित यादी, वहीच्या पानांच्या क्रमाने, त्या चर्चच्या कार्यालयात एक प्रत नेऊन द्या. पुढच्या माणसाने तीच नोंद मागितली की ती वाळवी लागलेली वही पुन्हा उघडावी लागणार नाही.